गाण्याची बैठक आणि आम्ही

संगीताला जात नसते, धर्म नसतो, हे वाक्य आम्ही आजवर इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की त्याशिवाय गाण्याच्या कार्यक्रमाचे प्रास्ताविक पुरे होत नाही, असा आमचा समजच झाला आहे. वाक्य खोटे नाही. षड्जाला कुणी धर्म विचारू शकत नाही. पण गाणाऱ्याला, त्याला शिकवणाऱ्याला आणि त्याचे वाद्य घडवणाऱ्याला जात होती, धर्म होता. गाणारी बाई असेल तर तिचे बाईपणही होते. कुणी शिकायचे, कुणी कुठे बसायचे, कुणाला कोणत्या नावाने हाक मारायची, हे त्यावरूनच ठरत आले. ही ठरलेली मांडणी ज्यांनी थोडीफार हलवली, त्यांच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस आमच्या मनात होते. त्यातली काही माणसे अगदी आपल्या जवळची, मिरज-कोल्हापूरची आहेत. आपण त्यांच्या तसबिरी लावतो, उरुसात त्यांच्या नावाने फुले वाहतो. त्यांनी नेमके काय केले याचा हिशेब मात्र फारसा मांडत नाही.

आम्ही मिरजेचे. अब्बा रेल्वेत नोकरीला होते. घरात गाणारे कुणी नव्हते, पण ऐकणारे सगळे होते. आकाशवाणी सांगलीवर सकाळी एखादा राग लागला की अब्बा दाढी करता करता थांबत. मामू सतारमेकर गल्लीत एका कारखान्यात कामाला जात. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढचा ओटा. ओट्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठमोठे भोपळे रचलेले, आत लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. मामू तानपुऱ्याची जवारी लावायला बसले की आसपास कुणी बोलायचे नाही, असा दंडक होता. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावून ऐकायचे, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत, जिथे आवाज उमलतो ती जागा शोधायची. मामूंनी कधी गाण्याची तालीम घेतली नव्हती, तरी सूर केसभर ढळला तर त्यांना तो खटकायचा. मोठमोठे गवई येत, त्यांनी लावलेला तानपुरा मांडीवर घेत, डोळे मिटून ऐकत, खूश होऊन जात. पुढे त्या मैफलीची बातमी पेपरात येई. तबलजीचे नाव असे, पेटीवाल्याचे असे, मागे बसून तानपुरा छेडणाऱ्या शिष्यांचेही असे. तानपुरा करणाऱ्याचे नाव आम्ही त्या बातम्यांत कधी वाचले नाही. मामूंनाही त्यात काही वावगे वाटत नसे.

आमच्या थोरल्या आपाचा गळा चांगला होता. १९८० च्या आसपास अब्बांनी तिला एका गाण्याच्या वर्गात घातले. वर्गाची सुरुवात सरस्वतीवंदनेने व्हायची. आपाची त्याला हरकत नव्हती, अब्बांचीही नव्हती. ती भूप शिकली, दुर्गा शिकली, दोन परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. मग वार्षिक समारंभ आला. तिच्या मागून वर्गात आलेल्या मुलींना छोटा ख्याल मिळाला. आपाला सांगण्यात आले, "तू कव्वाली म्हण. तुमच्यात ते चांगलं असतं." आमच्या घरात कव्वाली कुणीच म्हणत नव्हते. आपाने रेडिओवर ऐकून एक पाठ केली आणि म्हटली. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तिच्या उर्दू उच्चारांचे कौतुक केले. भूपाचे कुणी विचारले नाही. इकडे मोहल्ल्यात बातमी पोहोचलीच होती. दादीच्या ओळखीच्या बाया घरी येऊन म्हणू लागल्या, "छोकरीकू गानेवाली बनाते क्या?" दादी गप्प बसली, अब्बाही गप्प बसले. पुढच्या जूनमध्ये आपा वर्गाला गेली नाही. तिला कुणी काढून टाकले नव्हते. राहा, असेही कुणी म्हटले नव्हते.

ही एका घरातली लहानशी गोष्ट. पण जिथे ती घडली त्या गावाची कीर्ती निराळी आहे. मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. तिथल्या उरुसात मानाचा पहिला गलेफ असतो तो चर्मकार समाजाचा. दर्ग्याच्या सेवेत पूर्वापार असलेल्यांचा, सरकारी अधिकाऱ्यांचा, गावातल्या बड्या मंडळींचा मान त्यानंतर. ज्या हातांना गावगाड्याने वेशीबाहेर ठेवले, त्यांचा गलेफ आधी. त्या दिवशी चर्मकार मंडळी कुणाच्या उपकाराने आत येत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्यांच्यावाचून उरूस सुरू होत नाही.

याच दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब उरुसात चिंचेच्या झाडाखाली बसून गायनसेवा करत. त्यांच्या मागे ती प्रथा टिकली, आणि आजही उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी असे किराणा घराण्याचे मोठे गायक इथे सेवा रुजू करून गेले. या सभेला तिकीट नसते. जाजमावर ज्याला जागा मिळेल त्याने बसावे. आम्ही लहानपणी तिथे भाजीवाल्या, टांगेवाले, रेल्वेतले खलाशी आणि वकील-डॉक्टर असे सगळे मांडीला मांडी लावून बसलेले पाहिले आहेत. कुणाला राग कळत होता, कुणाला नव्हता. उठून मात्र कुणी जात नव्हते.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा. त्या गावावरूनच घराण्याचे नाव किराणा. बडोद्याच्या दरबारातून बाहेर पडल्यावर ते मुंबई, मिरज असे करत या मुलखात स्थिरावले. त्या काळी विद्या मुलाला, फार तर जावयाला द्यायची. परक्याला द्यायची तर हात राखून द्यायची, अशी घराण्यांची रीत होती. त्यामागे नुसता कंजूषपणा नव्हता. विद्या हेच ज्यांचे शेत, त्यांना ते वाटून टाकणे परवडत नसे. अशा काळात १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्याला आर्य संगीत विद्यालय काढले. मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेला 'आर्य' असे नाव द्यावे, यावर आज कुणी भुवया उंचावेल. तेव्हा ते चालून गेले. शिष्य त्यांच्याच घरात राहत आणि जेवत, आणि जलशांच्या उत्पन्नावर हा संसार चाले. शिष्यांत ब्राह्मण मुले होती. त्यांच्या शिष्यांपैकी बाळकृष्णबुवा कपिलेश्वरींनी पुढे आपल्या या गुरूचे मोठे चरित्र मराठीत लिहिले.

विद्यालय निघण्याच्या आधीपासून त्यांच्याकडे शिकलेले कुंदगोळचे रामभाऊ पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले. सवाई गंधर्वांनी गंगूबाईंना शिकवले, भीमसेनांना शिकवले, फिरोज दस्तूर या पारशी तरुणालाही शिकवले. म्हणजे मुसलमान उस्ताद, त्याचा ब्राह्मण शिष्य, आणि त्या शिष्याच्या पुढ्यात एक कलावंतिणीची मुलगी, एक ब्राह्मणाचा मुलगा आणि एक पारशी. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाचे मूळ शोधत गेले तर ते मिरजेच्या या कबरीपाशी येते.

खाँसाहेबांच्या घरचीच एक हकिगत मात्र आम्हाला नेहमी अस्वस्थ करते. त्यांच्या पत्नी ताराबाई माने १९२२ साली पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मग मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली. सकीना सरस्वती झाली, लग्नानंतर सरस्वतीबाई राणे. कुटुंब तुटले होते. आईने मुलांना आपले नाव दिले. त्यात गैर काही नाही. त्या मुलांनी महाराष्ट्राला जे दिले त्याला तोड नाही. तरी मनात येतेच की सकीना याच नावाने ती मुलगी मराठी रंगभूमीवर उभी राहिली असती, तर प्रेक्षकांनी तिला तितक्याच मायेने आपली म्हटले असते का? आमच्या आपाला कव्वाली म्हणायला लावणारे लोक आठवले की उत्तर सोपे वाटत नाही.

हिराबाईंची तालीम भाऊ सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली. बाई गाते म्हणजे ती कोठ्यावरची किंवा देवळातली, असे ज्या काळी लोक बिनदिक्कत म्हणत, त्या काळी त्या तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या. साधी साडी, सरळ बैठक, हातवारे नाहीत. त्यांना बघून मध्यमवर्गीय घरांतल्या आईबापांना आपल्या मुलीला गाणे शिकवायचा धीर आला. आज गावोगावच्या वर्गांत मुलींची गर्दी दिसते, तिच्यामागे हिराबाईंचा मोठा वाटा आहे. पुढे १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

गंगूबाईंची वाट याहून खडतर होती. १९१३ साली धारवाडला जन्मलेल्या गंगूबाईंच्या आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत गात, आणि ते ऐकायला अब्दुल करीम खाँ त्यांच्या घरी येत. मुलगी हिंदुस्थानी गाऊ लागली तेव्हा तिच्या कानावर दुसरे सूर पडू नयेत म्हणून या आईने आपले गाणे थांबवले. शेजारपाजारचे लोक मुलीला गाणारणीची पोर म्हणून हिणवत. १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तिथे स्वागतगीत म्हणायला ही अकरा वर्षांची मुलगी गेली, तेव्हा तिच्या मनात धास्ती होती ती जेवणाच्या पंगतीची. आपल्या जातीमुळे कुणी आपल्याला उष्टी काढायला सांगेल की काय, याची. पुढे त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या आणि देशभर गाजल्या. तेव्हाही त्या एक गोष्ट बोलून दाखवत: गवई मुसलमान असला तर लोक त्याला उस्ताद म्हणतात, हिंदू असला तर पंडित म्हणतात, केसरबाई-मोगूबाई मात्र बाईच राहतात. तक्रार कुठल्या पुरस्काराची नव्हती, साध्या हाक मारण्याची होती. २००९ साली गंगूबाई गेल्या. वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी भरभरून लिहिले. नावामागे 'बाई' तेवढे तसेच राहिले.

ज्या केसरबाई-मोगूबाईंचे नाव त्या घेत, त्यांचे गुरू आपल्या कोल्हापूरचे. उस्ताद अल्लादिया खाँ १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांच्या पदरी आले. हेच शाहू महाराज, ज्यांनी १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या आणि १९०६ साली मुसलमान मुलांसाठी कोल्हापुरात बोर्डिंग सुरू करायला बळ दिले. मोठा गवई दरबारी ठेवणे आणि गरिबाच्या मुलाला वसतिगृह देणे, ही दोन्ही कामे त्या राजाने एकाच काळात केली. आम्हाला हे महत्त्वाचे वाटते. कलेला आश्रय देणारे राजे पुष्कळ झाले. कलावंताच्या समाजातल्या पोरांनी शिकावे म्हणून शाळा-वसतिगृहांचा खर्च करणारे थोडे.

शाहू महाराज १९२२ साली गेले आणि खाँसाहेब मुंबईला राहू लागले. त्यांच्याकडे गोव्यातून आलेल्या दोन मुली शिकल्या. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. दोघीही देवळांशी बांधलेल्या कलावंत समाजातल्या. ज्या समाजाच्या मुलींना देवापुढे गायला बोलवायचे आणि घरात पाणी द्यायचे नाही, त्या समाजातल्या मुलींना या उस्तादाने जयपूर परंपरेची अवघडातली अवघड गायकी दिली. खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांनी धारवाडकडच्या खेड्यातल्या मल्लिकार्जुन मन्सूरांना घडवले. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात सोडली, तेव्हा पृथ्वीवरच्या संगीताचा नमुना म्हणून जी ध्वनिमुद्रिका त्यांत ठेवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. ते यान आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे गेले आहे. एका मुसलमान उस्तादाची तालीम आणि गोव्याच्या कलावंतिणीचा गळा त्यात आहे.

आता याच काळातली दुसरी बाजू पाहिली पाहिजे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांनी गावोगाव, संस्थानोसंस्थान फिरून चिजा जमवल्या, त्या स्वरलिपीत छापल्या, १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवली आणि १९२६ साली लखनौला संगीताचे कॉलेज उभे केले. या दोघांचे उपकार मोठे आहेत. फी भरून, पुस्तक घेऊन, वेळापत्रकाप्रमाणे गाणे शिकता येते, हे त्यांच्यामुळे झाले. घराण्याची कुलुपे निघाली. पण कुलूप निघाल्यावर आत कोण आले, ते पाहावे. आली ती बहुतांशी शिकलेली, वरच्या जातींतली, शहरातली मुले-मुली. ज्या उस्तादांच्या चिजा पुस्तकांत गेल्या, त्यांची स्वतःची मुले परीक्षांच्या वाटेने फारशी आली नाहीत. त्यांच्याकडे शाळेची पाटी नव्हती, वर्गाची भाषा नव्हती. आणि गाणे भक्तीच्या आणि राष्ट्राच्या नावाने शिकवले जाऊ लागले तेव्हा आपण तिथे यजमान आहोत की पाहुणे, हे त्यांना कळेना. संस्थाने गेल्यावर दरबारचा तनखाही गेला. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी जे शिकवत होते त्यांची पणतवंडे आज गाण्याच्या वर्गांत शोधावी लागतात.

असाच प्रश्न तिकडे दक्षिणेत, कर्नाटक संगीताच्या जगात, आपल्या डोळ्यांदेखत उभा राहिला आहे. अब्दुल करीम खाँ त्या मुलखात रमत. त्यांनी कर्नाटक संगीतातले पुष्कळ उचलले, त्यातल्या रचना गायल्या. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. त्याच मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, टी. एम. कृष्णा हा ब्राह्मण घरातला, सभागृहे भरवणारा गायक आपल्याच सभांना विचारू लागला की या गाण्यावर एकाच जातीची मालकी कशी? कोळ्यांच्या ऊरूर-ओल्कॉट कुप्पम वस्तीत त्याने आणि त्याच्या मित्रांनी संगीताचा उत्सव सुरू केला. तृतीयपंथी जोगप्पांबरोबर तो एका मंचावर गायला. २०१६ साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ख्रिस्ती गीते गाणाऱ्या कर्नाटक गायकांना धमक्या आल्या, तेव्हा त्याने दर महिन्याला येशूवर किंवा अल्लाहवर एक गीत प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी दिल्लीतला त्याचा एक कार्यक्रम आयोजकांनी पुढे ढकलला. मग दिल्ली सरकारने तो दुसरीकडे घडवून आणला. २०२४ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने त्याला संगीत कलानिधी देण्याचे ठरवले, तेव्हा काही नामवंत कलावंतांनी त्या वर्षीच्या उत्सवावरच बहिष्कार टाकला.

आम्हाला त्याचे एक काम विशेष जवळचे वाटते. २०२० साली त्याचे 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक आले. मृदंग करणाऱ्या कारागिरांवरचे. मृदंगाला गाईचे, म्हशीचे, बकरीचे कातडे लागते. ते निवडणारे, कमावणारे, बांधणारे हात मुख्यतः दलित ख्रिस्ती कुटुंबांचे. मृदंग वाजवणारा सोवळ्यात बसतो आणि ज्याने तो बांधला त्याचे नाव कुणाला ठाऊक नसते. पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने दिलेले सभागृह तिने परत काढून घेतले. प्रकाशन दुसरीकडे झाले. हे वाचताना आम्हाला मामू दिसत होते.

मिरजेची वाद्यकला १८५० च्या सुमाराची. फरीदसाहेब हे शिकलगार. तलवारी, भाले यांना पाणी द्यायचे, धार लावायची हा पिढीजात धंदा. लढाया संपल्या, धंदा बसला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांनी सतारी आणि तानपुरे दुरुस्त करता करता घडवायला सुरुवात केली. पेशवाईतले शाहीर सगनभाऊही शिकलगारच. हत्यारांना पाणी देणाऱ्या या जमातीने मराठीला लावण्या दिल्या आणि देशाला तानपुरे दिले, ही गोष्ट आपल्या मुलांच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. दुसऱ्या गावचा माल आता मिरजेच्या नावाने खपवता येणार नाही. पण मानांकनाने गावाचे नाव राहते. माणसाचे राहील का? कारखान्यातली तरुण मुले इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याशी आणि मोबाइलमधल्या तानपुऱ्याशी झुंजत आहेत. जवारी लावायला शिकायला वर्षे जातात आणि मजुरी रोजंदारीची. पोरगा दुचाकीच्या शोरूममध्ये लागला तर बापाने त्याला कोणत्या तोंडाने अडवावे?

हे सगळे लिहिताना बोट एकाच दिशेला दाखवून आमचे समाधान होत नाही. आपल्या समाजातही गाणाऱ्याला मिरासी म्हणून खाली बसवण्याची रीत आहे. उस्तादांची नावे आपण अभिमानाने सांगतो. मुलगी गाणे शिकते म्हटले की आवाज खाली आणतो. गाणे जायज की नाजायज यावर आपल्यात शेकडो वर्षे वाद आहे आणि पुढेही राहील. ज्यांना ते मान्य नाही त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. पण त्याच वादाच्या काळात सूफींच्या खानकाहांत समा भरत होता, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात चिंचेखाली ख्याल गायला जात होता, हेही आपल्याच परंपरेत आहे. दक्षिणेतले शेख चिन्ना मौलाना आयुष्यभर आपल्या दीनावर राहिले, श्रीरंगमसारख्या वैष्णव क्षेत्री घर करून देवळांत नागस्वरम वाजवत राहिले आणि १९९८ साली म्युझिक अकादमीचे संगीत कलानिधी झाले. बिस्मिल्ला खाँसाहेबांचे तर सांगायलाच नको. २००१ साली ते भारतरत्न झाले. आपल्याला त्यांचे मोठेपण चालते. मग मोहल्ल्यातल्या मुलीचा भूप का चालू नये?

समता, समावेश हे शब्द आता सगळीकडे ऐकू येतात. आम्ही आमच्यापुरती एक साधी कसोटी केली आहे. गाण्याच्या कोणत्याही संस्थेत तीन गोष्टी पाहाव्यात. शिकायला कोण बसले आहे, पैसे कुणाच्या हातात पडतात, आणि नाव कुणाचे छापले जाते. वर्षातून एकदा आपल्याला कव्वालीला बोलावून आणि शाल देऊन या तिन्हींतले काही बदलत नाही. अब्दुल करीम खाँनी पहिली गोष्ट बदलली, शाहू महाराजांनी दुसरीला हात घातला, आणि कृष्णाने तिसरीचा प्रश्न पुस्तक लिहून विचारला. तिघांपैकी कुणालाही हे काम सोपे गेले नाही.

आपल्याकडून होण्यासारखेही पुष्कळ आहे. उर्दू शाळांत, मुस्लिम बोर्डिंगांत एक तानपुरा आणि आठवड्याला एक शिक्षक ठेवणे फार खर्चाचे नाही. उरुसाच्या संगीतसभेत गावातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना पहिली पंधरा मिनिटे देता येतील. मैफल करणाऱ्या मंडळांनी पत्रिकेवर तबला, हार्मोनियमच्या खाली 'तानपुरे' असे लिहून कारागिराचे नाव घालावे. त्याला शाईचा एक थेंब लागेल. आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी फरीदसाहेबांपासूनच्या पिढ्यांची हकिगत मराठीत लिहून काढावी. ज्यांना ती तोंडपाठ आहे ती माणसे आता थकली आहेत.

मामू गेले. आपा आता आजी झाली आहे. तिच्या नातीने गेल्या वर्षी गाणे शिकायचे म्हटले, तेव्हा घरात थोडी कुजबुज झाली, आपाच उठली आणि म्हणाली, "शिकने दो." वर्ग तिने स्वतः जाऊन पाहिला. बाईंना तिने एवढेच विचारले की माझ्या नातीला समारंभात काय गायला देणार? बाई म्हणाल्या, जे तिला येत असेल ते. सध्या यमन चालू आहे. मामूंच्या मुलाने लावून दिलेला लहान तानपुरा घरात आला आहे, आणि भोपळ्याच्या मागे त्याने पेन्सिलीने आपले नाव व साल लिहिले आहे. ते पुसले जाऊ नये म्हणून आपाने वरून पॉलिश करून घेतले.